मृदा प्रदूषण, रस्त्यालगतचे

मोटार वाहतुकीमुळे शिसे, जस्त, तांबे, कॅडमियम, क्रोमियम, निकेल यांसारखे जड धातू रस्त्याच्या दुतर्फा असलेल्या मृदेच्या वरच्या थरात साचून त्यांचे प्रमाण तेथील नैसर्गिक प्रमाणापेक्षा पुष्कळ वाढते, तेव्हा त्यास रस्त्यालगतचे मृदा प्रदूषण म्हणतात. ज्यांची घनता दर घ. सेंमी.ला ५ ग्रॅ.पेक्षा अधिक आहे, अशा धातूंना सामान्यतः जड धातू म्हणतात. अँटिमनीसारख्या धातुसदृश मूलद्रव्यांचाही विचार त्यांच्याबरोबरच केला जातो.

वाहनांपासून निघणाऱ्या इतर बहुतेक प्रदूषकांचा कालांतराने नाश होतो. कार्बन मोनॉक्साइडाचे ऑक्सिडीभवन होते, मृदेत सांडलेल्या तेलाचे सूक्ष्मजीव हळूहळू अपघटन करतात. धातू ही मूलद्रव्ये असल्याने त्यांचे अपघटन होत नाही. त्यांचे रासायनिक रूप बदलते, ती एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जातात. परंतु नाहीशी होत नाहीत. त्यामुळे रस्त्यालगतची मृदा ही त्या रस्त्यावरून अनेक दशके झालेल्या वाहतुकीची एक प्रकारची नोंदच असते. प्रदूषणाचा उगम बंद झाला, तरी मृदेतील साठा मागे उरतो व तो पुढील पिढ्यांपर्यंत पोहोचू शकतो, हे या प्रदूषणाचे सर्वांत महत्त्वाचे वैशिष्ट्य होय.

स्वाभाविक प्रमाण : प्रत्येक मृदेत ज्या खडकापासून ती बनली त्या खडकातील धातू कमीअधिक प्रमाणात असतातच. भूकवचात शिशाचे सरासरी प्रमाण दशलक्ष भागांत सु. १४ भाग, जस्ताचे सु. ७०, तांब्याचे सु. ५५, तर कॅडमियमाचे केवळ ०·१ ते ०·२ भाग आहे. (या नोंदीतील मृदेची सर्व प्रमाणे वजनी असून ती दशलक्ष भागांत किती भाग अशी दिली आहेत.) एखाद्या ठिकाणची मृदा प्रदूषित आहे की नाही हे ठरविताना जागतिक सरासरीपेक्षा तेथील मूळ खडकाकडे पाहणे आवश्यक असते. उदा., दख्खनच्या बेसाल्टात तांब्याचे प्रमाण स्वाभाविकपणेच १०० भागांहून अधिक असते आणि त्यापासून बनलेल्या महाराष्ट्रातील काळ्या मृदेतही ते जास्त आढळते. तेथील तांबे केवळ जागतिक सरासरीपेक्षा अधिक आहे म्हणून ते वाहनांमुळे आले असे अनुमान काढणे चुकीचे ठरेल. याउलट बेसाल्टात शिसे फार थोडे असते. म्हणून अशा मृदेत शिशाची झालेली वाढ बाहेरून आली आहे, हे सहज ओळखता येते. याकरिता रस्त्यापासून दूर असलेल्या, पण त्याच खडकावरील मृदेचा नमुना तुलनेसाठी घेतात. तुलनेसाठी जी. म्यूलर यांनी १९६९ मध्ये सुचविलेला भूसंचय निर्देशांक पुष्कळ वापरला जातो. त्यात धातूच्या आढळलेल्या प्रमाणास त्याच्या स्वाभाविक प्रमाणाच्या दीडपटीने भागून येणाऱ्या भागाकाराचा २ या आधारांकाचा लॉगरिथम काढतात. दीडपटीमुळे खडकातील नैसर्गिक चढउतारांना वाव राहतो.

धातूंचे उगम : (१) इंधन : विसाव्या शतकात रस्त्यालगतच्या शिशाचा प्रमुख उगम पेट्रोल हा होता. पेट्रोल एंजिनात इंधन व हवा यांच्या मिश्रणाचे अनियंत्रित स्फोटक ज्वलन झाल्यास ठोके बसतात व शक्ती वाया जाते. टेट्राएथिल लेड हे संयुग पेट्रोलमध्ये अल्प प्रमाणात मिसळल्यास हे ठोके थांबतात, असे टॉमस मिजली यांना १९२१ मध्ये जनरल मोटर्स कंपनीच्या अमेरिकेतील डेटन येथील प्रयोगशाळेत आढळून आले. १९२३ मध्ये अशा पेट्रोलची विक्री सुरू झाली. शिशाचे ऑक्साइड एंजिनात साचू नये म्हणून त्यात एथिलीन डायब्रोमाइड व एथिलीन डायक्लोराइड हीही द्रव्ये घालीत. त्यामुळे शिसे मुख्यत्वे ब्रोमोक्लोराइडाच्या सूक्ष्म कणांच्या रूपाने निष्कास नळीतून बाहेर पडे. मृदेत पडल्यावर या लवणाचे सल्फेट, कार्बोनेट इ. कमी विद्राव्य संयुगांत रूपांतर होते. [→ शिसे].

(२) टायर : रबराच्या व्हल्कनीकरणात झिंक ऑक्साइड वापरतात, त्यामुळे टायरच्या बाहेरील थरात वजनाने सु. १ ते २ टक्के जस्त असते. टायर झिजतात तसे ते रस्त्यावर व कडेच्या मृदेत मिसळते. झिंक ऑक्साइडात अशुद्धी म्हणून असणारे कॅडमियमही त्याबरोबर येते.

(३) ब्रेक : ब्रेकच्या अस्तरात उष्णता वाहून नेण्यासाठी तांबे, घर्षण नियमित राहावे म्हणून अँटिमनी सल्फाइड व भरण द्रव्य म्हणून बेरियम सल्फेट वापरले जाते. ब्रेक लावताना तापलेल्या अस्तराचे अतिसूक्ष्म कण सुटतात. तांबे व अँटिमनी ही दोन्ही एकत्र वाढलेली आढळणे ही ब्रेकच्या झिजेची ओळखण मानली जाते.

(४) इतर उगम : वंगण तेलातील जस्ताची संयुगे, एंजिन व मुलामा दिलेले भाग यांच्या झिजेतून येणारे निकेल व क्रोमियम, चाकांचा तोल साधण्यासाठी लावलेली शिशाची वजने (यूरोपीय संघाने २००५ पासून यांवर बंदी घातली), रस्त्यावरील पिवळ्या पट्ट्यांच्या रंगातील लेड क्रोमेट, तसेच कडेच्या जस्तलेपित लोखंडी कठड्यांवरून पावसाच्या पाण्याबरोबर उतरणारे जस्त हे दुय्यम उगम होत. निष्कास वायू शुद्ध करण्यासाठी बसविलेल्या उत्प्रेरकी परिवर्तकांतून प्लॅटिनम, पॅलॅडियम व ऱ्होडियम हे धातू सूक्ष्म प्रमाणात बाहेर पडतात. रस्त्यालगतच्या मृदेत त्यांचे प्रमाण अब्जांश भागांत मोजावे लागते. तथापि ते वाढत गेलेले दिसते.

प्रदूषणाचा शोध व इतिहास : शिसे विषारी आहे, हे प्राचीन काळापासून माहीत होते. ऑक्टोबर १९२४ मध्ये अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यातील बेवे येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात टेट्राएथिल लेडची बाधा होऊन पाच कामगार मृत्युमुखी पडले. त्यानंतर १९२५ मध्ये अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने भरविलेल्या परिषदेत व्यवसायजन्य रोगांच्या तज्ञ ॲलिस हॅमिल्टन यांनी शिसेयुक्त पेट्रोलला विरोध केला. परंतु परिषदेनंतर नेमलेल्या समितीला ते बंद करण्यास पुरेसे कारण दिसले नाही आणि त्याचा वापर जगभर पसरला. कामगारांना होणारी तीव्र बाधा डोळ्यांना दिसत होती. रस्त्याच्या कडेला दररोज पडणारे अल्प शिसे मात्र कोणी मोजत नव्हते.

अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेतील हेलन कॅनन व त्यांचे सहकारी यांनी १९६२ मध्ये रस्त्यालगतच्या गवतातील शिशाविषयी निबंध प्रसिद्ध केला. रस्त्यापासून जसजसे दूर जावे तसतसे गवतातील शिसे कमी होते, असे त्यांना दिसले. पृथ्वीचे वय निश्चित करणारे भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटर्सन यांनी १९६५ मध्ये असे दाखविले की, औद्योगिक देशांतील माणसांच्या शरीरातील शिसे ‘सामान्य’ मानले जात असले, तरी ते नैसर्गिक पातळीच्या कितीतरी पट अधिक आहे. १९७० मध्ये लागरवर्फ व स्पेक्ट यांनी अमेरिकेतील महामार्गांलगतच्या मृदेत व गवतात शिशाबरोबरच कॅडमियम, निकेल व जस्त यांचेही मापन केले. चारही धातू रस्त्यापासूनच्या अंतराबरोबर व मृदेतील खोलीबरोबर घटत होते. जस्त व कॅडमियम यांचा संबंध त्यांनी वंगण तेल व टायर यांच्याशी जोडला. प्रदूषण केवळ इंधनाचे नसून सबंध वाहनाचे आहे, हे या संशोधनाने स्पष्ट झाले.

शहराच्या दृष्टीने महत्त्वाचा निष्कर्ष बॉल्टिमोर येथे निघाला. हॉवर्ड मिल्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या शहरातील व भोवतालच्या परसबागांतील मृदा तपासून १९८३ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. शिशाची सर्वोच्च प्रमाणे शहराच्या दाट वस्तीच्या मध्यभागी एकवटलेली होती. तेथील घरे प्रामुख्याने विटांची असल्याने घरांच्या रंगातील शिसे हे एकमेव कारण मानता येईना. जेथे रस्ते, वाहने व माणसे यांची सर्वाधिक दाटी, तेथेच मृदेत सर्वाधिक शिसे आणि तेथेच मुले सर्वाधिक, अशी ही स्थिती होती.

मृदेतील वितरण : मोठे कण रस्त्यापासून काही मीटरांच्या आतच खाली पडतात, सूक्ष्म कण वाऱ्याबरोबर दूरवर जातात. परिणामी धातूंचे प्रमाण रस्त्याच्या कडेला सर्वाधिक असून पहिल्या काही मीटरांत ते झपाट्याने उतरते व सामान्यतः ५० ते १०० मी. अंतरावर स्वाभाविक पातळीजवळ येते. खोलीच्या दिशेने पाहता बहुतेक साठा वरच्या ५ ते १० सेंमी. जाडीच्या थरात असतो. शिसेयुक्त पेट्रोलच्या काळात पाश्चात्त्य देशांतील वर्दळीच्या रस्त्यांलगत शिशाचे प्रमाण काही शतांपासून हजारापर्यंत व क्वचित त्याहूनही अधिक आढळत असे.

वाहनांची संख्या, रस्त्याचे वय, वाऱ्याची प्रमुख दिशा, चढउतार व दुतर्फा असलेल्या इमारती यांवर हे वितरण अवलंबून असते. वाहतूक नियंत्रक दिवे, चौक, वळणे, बसथांबे व उतार येथे वारंवार ब्रेक लावले जात असल्याने तांबे, अँटिमनी व जस्त यांची वाढ तेथे विशेष दिसते. त्यामुळे वाहनांची संख्या सारखी असूनही अखंड वेगाने वाहणाऱ्या महामार्गापेक्षा थांबत थांबत चालणाऱ्या शहरी रस्त्यालगतची मृदा या धातूंच्या बाबतीत अधिक प्रदूषित असू शकते. मोसमी हवामानाच्या प्रदेशात कोरड्या ऋतूत कडेची धूळ वाहनांच्या झोताने पुनःपुन्हा उडून हवेत मिसळते, तर पहिल्या पावसाच्या सरींबरोबर ती गटारे, नाले व खाड्या यांत वाहून जाते.

धातूंचे मृदेतील वर्तन : एखाद्या धातूचे एकूण प्रमाण किती, यापेक्षा तो कोणत्या रूपात आहे हे अधिक महत्त्वाचे असते. मृदेतील जैव पदार्थ, मृत्तिका खनिजे, लोह व मँगॅनीज यांची ऑक्साइडे आणि फॉस्फेटे यांना शिसे घट्ट चिकटून राहते. म्हणून ते फारसे खाली झिरपत नाही व वरच्या थरात शेकडो वर्षे टिकते. जस्त व कॅडमियम हे तुलनेने चल आहेत. मृदेचे पीएच मूल्य (आम्लता वा क्षारता दर्शविणारा अंक) कमी झाले, म्हणजे आम्लता वाढली की, ते विद्रावात येऊन वनस्पतींच्या मुळांना वा भूजलाला मिळतात. ए. टेसिअर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या क्रमवार निष्कर्षण पद्धतीत धातूचे विनिमयक्षम, कार्बोनेटबद्ध, लोह-मँगॅनीज ऑक्साइडबद्ध, जैव पदार्थबद्ध व अवशिष्ट असे पाच भाग करतात. यांपैकी पहिले दोन सर्वांत सहज सुटणारे होत.

या दृष्टीने दख्खन पठारावरील चुनखडीयुक्त, अल्कधर्मी व मृत्तिकाप्रधान काळी मृदा धातू धरून ठेवते, तर कोकण व गोवा येथील आम्लधर्मी जांभ्याच्या मृदेत कॅडमियम व जस्त अधिक सहजपणे हालतात. शिसे मात्र जांभ्यातील लोह ऑक्साइडांमुळे तेथेही बरेचसे अडकून राहते.

मापन : वरच्या थराचा नमुना वाळवून, चाळून व तीव्र अम्लांत विरघळवून आणवीय शोषण वर्णपटमापनाने धातूंचे प्रमाण काढतात. क्ष-किरण अनुस्फुरण पद्धतीने जागेवरच मापन करता येते. शिसे कोठून आले हे त्याच्या समस्थानिकांवरून ओळखता येते. शिशाचे २०४, २०६, २०७ व २०८ हे चार स्थिर समस्थानिक असून त्यांची परस्पर गुणोत्तरे धातुकाच्या वयानुसार बदलतात. उदा., ऑस्ट्रेलियातील ब्रोकन हिल येथील अतिप्राचीन धातुकाच्या शिशात २०६ व २०७ यांचे गुणोत्तर कमी असते. ब्रिटनमधील पेट्रोलात मिसळलेल्या शिशाचा एक भाग याच धातुकाचा असल्याने ते कोळशातील वा स्थानिक खडकांतील शिशापासून वेगळे ओळखता येते.

आरोग्यावरील परिणाम : रस्त्यालगतच्या मृदेचा सर्वांत मोठा धोका लहान मुलांना असतो. जमिनीवर खेळणारी मुले हात तोंडात घालतात व त्याबरोबर धूळ पोटात जाते. गिळलेल्या शिशापैकी मुलांच्या शरीरात शोषला जाणारा अंश प्रौढांच्या चार ते पाच पट असू शकतो. आहारात लोह व कॅल्शियम कमी असल्यास हे शोषण आणखी वाढते. म्हणून कुपोषित मुलांना त्याच धुळीपासून अधिक अपाय होतो. शिसे रक्तातील हीमच्या निर्मितीत अडथळा आणते, कॅल्शियमाची जागा घेऊन हाडांत अनेक दशके साठून राहते आणि वाढत्या मेंदूवर परिणाम करून बुद्धी, अवधान व शिकण्याची क्षमता कमी करते. ही हानी बहुधा भरून येत नाही. शिशाची कोणतीही सुरक्षित पातळी ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मत आहे. अमेरिकेत मुलांच्या रक्तातील शिशाची संदर्भ पातळी २०१२ मध्ये दर १०० मिलि. रक्तात ५ मायक्रोग्रॅम ठरविण्यात आली व २०२१ मध्ये ती ३·५ पर्यंत खाली आणली गेली. मुलांच्या वस्तीच्या ठिकाणी मृदेतील शिशाची ४०० ही मार्गदर्शक पातळीही तेथे २०२४ मध्ये २०० करण्यात आली.

कॅडमियम मूत्रपिंडांत साठते व शरीरातून अत्यंत सावकाश बाहेर पडते. जस्त व तांबे हे अल्प प्रमाणात पोषक असले, तरी त्यांच्या अतिरेकाने मृदेतील सूक्ष्मजीवांची क्रिया मंदावते आणि पाण्यात विरघळलेले तांबे माशांना घातक ठरते. रस्त्याच्या कडेला पिकविलेल्या भाज्यांपैकी पालक, माठ यांसारख्या रुंद पानांच्या पालेभाज्यांवर धूळ अधिक बसते. यांतील पृष्ठावरचा भाग धुऊन जातो. मुळांतून शोषलेले कॅडमियम मात्र धुतल्याने वा शिजविल्याने कमी होत नाही.

पेट्रोलमधील शिशाचा अंत व त्यानंतर : उत्प्रेरकी परिवर्तक शिशामुळे निकामी होतात. या तांत्रिक कारणामुळे अमेरिकेत १९७०–८० या दशकाच्या मध्यास शिसेरहित पेट्रोल आले. आरोग्याचा आग्रह त्याच्या जोडीला होता. १९७६–८० या काळात पेट्रोलमधील शिसे घटले तसे तेथील लोकांच्या रक्तातील सरासरी शिसे सु. ३७ टक्क्यांनी उतरले. १९९६ मध्ये रस्त्यावरील वाहनांसाठी तेथे शिसेयुक्त पेट्रोलवर पूर्ण बंदी आली. भारतात पेट्रोलमध्ये दर लिटरला ०·५६ ग्रॅ.पर्यंत शिसे असे. १९९४ मध्ये दिल्ली, मुंबई, कोलकाता व चेन्नई या महानगरांत ते ०·१५ ग्रॅ.पर्यंत उतरविण्यात आले. एप्रिल १९९५ पासून त्याच शहरांत परिवर्तक बसविलेल्या नव्या मोटारगाड्यांसाठी शिसेरहित पेट्रोल मिळू लागले आणि फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. जगात ते सर्वांत शेवटी अल्जीरियात २०२१ मध्ये बंद झाले.

हवेतील शिसे यानंतर लगेच उतरले; मृदेतील मात्र तितक्या वेगाने उतरले नाही. ब्रिटनमध्ये शिसेयुक्त पेट्रोलची विक्री १९९९ च्या अखेरीस थांबली. तरीही २०१४ ते २०१८ या काळात लंडनच्या हवेतून गोळा केलेल्या कणांतील शिशापैकी ४० टक्क्यांपर्यंत भाग जुन्या पेट्रोलचा होता, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या समस्थानिक अभ्यासात दिसले. मृदा व धूळ यांत साचलेले शिसेच पुन्हा हवेत उडत होते. मुंबईत शिसेयुक्त पेट्रोल बंद झाल्यानंतरही तपासलेल्या मुलांपैकी सु. एक-तृतीयांश मुलांच्या दर १०० मिलि. रक्तात १० मायक्रोग्रॅम वा त्याहून अधिक शिसे असल्याचे २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत आढळले. यामागे रंग, जुन्या विद्युत् घटमाला वितळविण्याचा धंदा इ. अन्य उगमांचाही वाटा असतो. मात्र केवळ इंधन बदलल्याने प्रश्न संपत नाही, हे त्यावरून दिसते.

दुसरा बदल असा की, निष्कास वायू जसजसे स्वच्छ झाले, तसतसे ब्रेक व टायर यांची झीज हा धातूंचा प्रमुख उगम ठरला. कॅलिफोर्निया व वॉशिंग्टन या राज्यांनी २०१० मध्ये ब्रेकच्या अस्तरांतील तांबे टप्प्याटप्प्याने कमी करण्याचे कायदे केले. यूरोपीय संघाने २०२४ मध्ये स्वीकारलेल्या ‘यूरो ७’ नियमांत ब्रेकमधून निघणाऱ्या कणांवर प्रथमच मर्यादा घातली. विजेवर चालणाऱ्या मोटारगाड्यांना निष्कास वायू नसतो व वेग कमी करताना चलित्राचा उपयोग होत असल्याने त्यांच्या ब्रेकची झीजही कमी होते. परंतु घटमालेच्या वजनामुळे टायरची झीज वाढू शकते. म्हणजे केवळ इंधन बदलून जस्ताचे प्रदूषण थांबत नाही.

उपाय : सर्वांत प्रभावी उपाय म्हणजे धातूंचा उगमापाशीच प्रतिबंध करणे हा होय. आधीच साचलेल्या धातूंसाठी मृदा उकरून नेणे हा खात्रीचा, पण खर्चिक मार्ग आहे व उकरलेल्या मृदेची विल्हेवाट हा नवा प्रश्न त्यातून उभा राहतो. चुना, फॉस्फेट व चांगले कुजलेले खत मिसळून धातू अविद्राव्य रूपात बांधून ठेवता येतात. मोहरीसारख्या वनस्पतींकडून धातू शोषून घेण्याचे प्रयोग झाले आहेत. परंतु शिसे मुळांकडे सहजी जात नाही. ते विद्राव्य करण्यासाठी रसायने घातल्यास भूजल दूषित होण्याचा धोका असतो आणि अशी वाढविलेली मोहरी अन्न वा चारा म्हणून वापरता येत नाही.

मुलांच्या संरक्षणासाठी दूषित मृदा झाकून टाकणे हा साधा व स्वस्त उपाय उपयुक्त ठरला आहे. न्यू ऑर्लीन्स येथे बालसंगोपन केंद्रांच्या क्रीडांगणांवर जाड कापडी थर अंथरून त्यावर मिसिसिपी नदीची सु. १५ सेंमी. स्वच्छ माती पसरण्यात आली. त्या शहरात सु. पंधरा वर्षांच्या अवधीत मृदेतील शिशाचा मध्यांक ९९ वरून ५४ वर आला आणि मुलांच्या दर १०० मिलि. रक्तातील शिशाचा मध्यांक ३·६ वरून १·२ मायक्रोग्रॅम झाला, असे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नमूद आहे. मृदेतील साठा चिवट असला, तरी तो कमी होऊ शकतो व त्याचा लाभ मुलांना मिळतो, हे यावरून दिसते.

भारतातील शहरांना लागू पडणारे उपाय याच स्वरूपाचे आहेत. वर्दळीच्या रस्त्यालगतची उघडी जमीन हिरवळीने झाकणे, कडेला दाट झुडपांची रांग लावणे, रस्ते कोरड्या झाडूने न झाडता ओलसर करून किंवा निर्वात यंत्राने धूळ ओढून स्वच्छ करणे, शाळा, अंगणवाड्या व क्रीडांगणे रस्त्याच्या कडेपासून आत हलविणे, पालेभाज्यांचे वाफे रस्त्यापासून दूर ठेवणे आणि मुलांना जेवणापूर्वी हात धुण्याची सवय लावणे, हे त्यांतील प्रमुख होत. शिसेयुक्त पेट्रोलच्या काळात वर्दळीच्या असलेल्या जुन्या रस्त्यांलगत बाग, क्रीडांगण वा शाळा उभारण्यापूर्वी तेथील मृदेची तपासणी करणे इष्ट असते. कारण रस्ता शांत झाला वा त्यावरील वाहने बदलली, तरी मृदेत पूर्वी पडलेले शिसे तेथेच असते.